वाफळ्याची हद्द

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली त्यानं कुंपण असणारच हे गृहीत धरलं होतं. त्याला एकदा पेनसिल्व्हेनियात आणून सोडायला हवं. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, एक्स्टनच्या बाजूला आमची मुलगी मुग्धा राहते. तिथं तासभर पाय मोकळे केले तरी घरापुढे कुंपण म्हणून दृष्टीस पडत नाही. एका घराच्या पायरीपाशी सुरू झालेली हिरवळ चार घरं ओलांडून पुढे जाते आणि कुणाची कुठं संपली हे मोजणीवाला आणल्याशिवाय मालकालाही सांगता येत नाही. भिंत नाही, भिंतीवर रोवलेल्या काचा नाहीत, मेंदी नाही, फाटक नाही. त्यामुळे फाटकाला रेलून दुसऱ्याच्या घरातलं विचारणारंही कुणी नाही.

यामागे म्हणे तत्त्व आहे. फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थांनी 1870 साली उपनगरातल्या घरांची आवारं कशी सजवावीत यावर एक पुस्तक लिहिलं. आपल्या वाट्याला आलेलं निसर्गसौंदर्य कुंपण घालून दुसऱ्याच्या नजरेआड करणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असा निवाडा त्यांनी त्यात देऊन टाकला. पुढे धर्माचं हे काम एचओएनं अंगावर घेतलं. एचओए म्हणजे आपली सोसायटीच, फक्त तिचे नियम लोक पाळतात. आमच्या मुग्धाच्या एचओएच्या नियमावलीत टपालपेटीचा रंग कोणता असावा हेही लिहिलेलं आहे आणि पुढच्या अंगणात कुंपण चालणार नाही हेही. पुण्यात आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्या मारल्या, त्यावर नंबर टाकले, तरी शेजाऱ्यांची अॅक्टिव्हा निम्मी आमच्या जागेत असते. दिसणारी रेघ न पाळणाऱ्या समाजातून मी आलो होतो, त्यामुळे न दिसणारी रेघ पाळणाऱ्या या समाजाविषयी मला फार आदर वाटला. तो कुत्रं येईपर्यंत टिकला.

कुत्रं बीगल जातीचं. नातीनं, ईरानं, त्याचं नाव वॅफल ठेवलं. आमच्या हिला ते एका दिवसात वाफळ्या करता आलं आणि आता घरात सगळेच त्याला वाफळ्या म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरकडच्या कागदांवर तेवढा वॅफल उरलाय. बीगल ही इंग्रजांनी सशांच्या मागावर सोडण्यासाठी जोपासलेली जात. दिसायला गरीब, कान लोंबते, डोळ्यांत कायम जेवण न मिळाल्याचे भाव. पण एकदा नाक जमिनीला लागलं की तो सहकारी बँकेचा वसुली अधिकारी होतो. हाक ऐकू येत नाही, रस्ता दिसत नाही, थकबाकीदार सापडेपर्यंत मागे वळणं नाही. आल्या आल्या त्यानं स्कॉटसाहेबांच्या तत्त्वाचा एवढा मनापासून स्वीकार केला की चारही शेजाऱ्यांच्या अंगणांत त्याचा वावर सुरू झाला. एकांच्या डेकवरून त्यानं बर्गर उचलला. एचओएचं पत्र आलं. भाषा अत्यंत सभ्य, म्हणजे प्रकरण गंभीर.

तेव्हा आमचे जावई अनिकेत यांनी जमिनीखालून तार टाकायचं ठरवलं.

इथं मला माझी पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. मी वीज मंडळातला माणूस. पुढे मंडळाचं विभाजन होऊन आम्ही महावितरणचे झालो, पण ग्राहकानं शिवी द्यायची झाली तर तो 'एमएसईबीवाले' अशीच सुरुवात करतो आणि आम्हालाही तीच आपली वाटते. उभी नोकरी मी लोकांना 'तारेला हात लावू नका' हे सांगण्यात घालवली. यवतमाळकडे असताना रानडुकरं आणि रोही यांच्यापायी शेतकरी रात्र रात्र जागायचे, ते मी पाहिलंय. ज्यांना परवडायचं ते झटका मशीन घ्यायचे. ते बरं. सेकंदाला एखादा ठोका पडतो, व्होल्टेज हजारांत असलं तरी क्षणाच्या बारीकशा अंशापुरतं. डुक्कर मागे फेकलं जातं, पण जिवंत राहतं आणि इतर डुकरांना सांगतं. वाईट होते ते आकडेबहाद्दर. आमच्याच लायनीवर आकडा टाकून तो थेट कुंपणाच्या तारेला जोडायचे. त्यात डुक्कर मरायचं, गाय मरायची, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरायचा. ते पंचनामे मी केलेत. त्यामुळे जावयानं तार हा शब्द काढताच माझ्या तोंडून आपोआप निघालं, "व्होल्टेज किती?"

"बाबा, तारेत शॉक नाहीच," अनिकेत म्हणाले.

मला वाटलं, मुलानं कॉम्प्युटर शिकून वीज सोडली. पण त्यांचं खरं होतं. गॅरेजमधल्या प्लगला एक डबी लावायची. तिच्यातून निघालेली तार घराभोवती, अंगणाच्या कडेकडेनं फिरवून परत त्याच डबीत आणायची. तारेतून जातो तो फक्त कमी फ्रिक्वेन्सीचा एक रेडिओ सिग्नल. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात छोटा रिसीव्हर असतो. कुत्रं तारेच्या जवळ गेलं की पट्टा आधी टुंई असा आवाज करतो, आणि तरीही ते पुढे गेलं तर पट्ट्यातल्याच बॅटरीवर चालणारे दोन बोथट खिळे मानेला झटका देतात. म्हणजे तार नुसती चहाडी करते, शिक्षेचं सामान गुन्हेगारानं गळ्यात घेऊन हिंडायचं. फाशीच्या कैद्याला दोर घरून आणायला सांगण्यातला हा प्रकार. रिचर्ड पेक या अमेरिकन माणसानं 1973 साली याचं पेटंट घेतलं, कुत्री गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून. हेतू चांगला होता. आमच्या खात्यातल्याही सगळ्या योजनांचा असायचा.

तार पुरायची तर आधी 811 ला फोन करायचा. हा नंबर अख्ख्या देशाला एकच. खणण्यापूर्वी कळवलं की माणसं येतात, पैसे न घेता तुमच्या जमिनीखालून काय काय गेलंय ते शोधतात आणि हिरवळीवर रंगाचे फवारे मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन नि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. मी खिडकीतून बघत होतो. मला गहिवरून आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. आमच्याकडे पाण्याची मोठी लाइन कुठून जाते हे कारंजं उडाल्यावर कळतं, आणि अकरा केव्हीची केबल कुठून जाते हे जेसीबीवाल्याला कळतं. त्या माणसांपैकी एकाला मी चहाचं विचारलं. त्यानं विनयानं नाही म्हटलं. इथपर्यंत चांगली चाललेली व्यवस्था, पण साइटवर चहा न घेणारा माणूस मला अजून पूर्ण पटलेला नाही.

तार पुरण्याचं काम आम्ही दोघांनी केलं. फावड्यानं हिरवळीला उभी चीर द्यायची, दोन-तीन इंचांवर तार दाबायची, वरून पाय द्यायचा. कोपरे काटकोनी ठेवायचे नाहीत, गोलावायचे. गाडीरस्ता आडवा आला तिथं काँक्रीटच्या दोन स्लॅबमधल्या फटीत तार बसवून वरून सीलंट भरलं. विजेच्या किंवा केबलच्या लायनीला आपली तार समांतर जाऊ द्यायची नाही, ओलांडायची तर काटकोनात. नाहीतर सिग्नल त्या लायनीत उतरतो आणि बिचारं कुत्रं दिवाणखान्यात टीव्हीजवळ लोळत असताना त्याच्या गळ्यात टुंई होतं. सगळ्यात नाजूक काम म्हणजे डबीपासून अंगणाच्या कडेपर्यंतचा तुकडा. तिथं जाणारी आणि येणारी अशा दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालायचा, फुटाला दहा-बारा. मग दोन्हींचे परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि त्यावरून कुत्रं खुशाल जाऊ शकतं. तो पीळ मी कुणाला घालू दिला नाही. अनिकेत ड्रिल मशीनला तारा लावून एका मिनिटात करणार होते. मी हातानं केला, संध्याकाळ झाली. जावयानं सासऱ्याला दिलेला मान म्हणून तो तुकडा आजही गॅरेजच्या भिंतीवरून जातो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला जातो.

मग चाचणी. संचाबरोबर एक चिमुकला दिवा येतो, तो पट्ट्याच्या दोन खिळ्यांना लावून तारेजवळ गेलं की पेटतो. पण इंजिनिअर मंडळींना दिव्यावर विश्वास ठेवणं कमीपणाचं वाटतं. अनिकेतनी पट्टा मुठीत धरला, तारेकडे चालत गेले, टुंई झालं, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मराठीत होता. परदेशात वाढलेल्या ईरानं तो लगेच दोनदा म्हणून पाहिला. मग मी धरला. सर्वांत खालच्या पातळीवर मुंगी चावल्याएवढं, वरच्यावर मात्र कोपरापर्यंत जाणवतं. "तू पण बघ गं," मी हिला म्हटलं.

"तुम्ही बोर्डात मोठे साहेब होतात तेव्हा आपल्या मिक्सरचा शॉक मी पाच वर्षं खाल्लाय," ही म्हणाली. "मला नवीन काय दाखवताय?"

ईराचा या सगळ्याला विरोध होता. वेल्समध्ये असे पट्टे वापरायला 2010 पासून कायद्यानं बंदी आहे, हे तिनं शोधून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. ज्या गोष्टीनं आपला जावई शिवी देतो ती चौदा किलोच्या प्राण्याला लावताना जरा विचार करावा. शेवटी तह झाला: पातळी सर्वांत खालची, दिवसाकाठी बारा तासांच्या वर पट्टा गळ्यात नाही, रात्री काढायचा, खिळ्यांनी मानेला जखम होत नाही ना हे रोज केस बाजूला करून बघायचं. जबाबदारी माझ्यावर. मी सबस्टेशनच्या धर्तीवर लॉगशीट आखली. वेळ, पातळी, मानेची स्थिती, शेरा, सही. ती सही ईरा तपासायची आणि खाडाखोड सापडली तर खुलासा मागायची. खात्यात एवढं कडक ऑडिट माझं कधी झालं नाही.

तार पुरून काम संपत नाही, तिथून सुरू होतं. कुत्र्याला तार दिसत नाही, तेव्हा तिच्या रेघेवर छोटी पांढरी निशाणं रोवायची. घराभोवती पांढरी निशाणंच निशाणं. शेजाऱ्यांना वाटलं असावं, बर्गरच्या प्रकरणात या कुटुंबानं अखेर शरणागती पत्करली. मग कुत्र्याला दोरीनं धरून निशाणाकडे न्यायचं. सुरुवातीला पट्ट्याचा नुसता आवाज चालू, झटका बंद. टुंई झालं की दोरी मागे ओढायची, कुत्रं आत आलं की शाबासकी आणि काहीतरी खायला. दहा-पंधरा मिनिटांचे वर्ग, दिवसातून दोन-तीनदा, साधारण दोन आठवडे, असं पुस्तिका म्हणते. 'काहीतरी खायला' यावर आमच्या घरात मतभेद झाले. अनिकेतनी उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले होते. चातुर्मासात आपल्या हातानं चिकन द्यायला ही तयार नव्हती, तिनं तुपाच्या पोळीचे घास केले.

वाफळ्यानं यातून जो बोध घेतला तो पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोक्यात आला नसणार. निशाणाजवळ गेलं की आवाज होतो. आवाज झाला की खायला मिळतं. झालं. तो स्वतःहून निशाणाकडे जायचा, मान पुढे करून टुंई वाजवायचा, वळून तुरुतुरु आत यायचा आणि हिच्यासमोर बसायचा. पोळी संपली असेल तर पुन्हा जाऊन वाजवून यायचा, तिनं पहिल्यांदा ऐकलं नसेल म्हणून. एका दुपारी त्यानं एवढ्या फेऱ्या मारल्या की हिला कणीक पुन्हा भिजवावी लागली. "किती हुशार आहे बघा," ही म्हणाली. पट्टा वाजतोय, कुत्रं परत येतंय, लॉगशीटवर सगळं उत्तम दिसत होतं. खात्याचे आकडेही असेच यायचे.

मग एका सकाळी अनिकेतनी झटका चालू केला. वाफळ्या नेहमीच्या डौलात निशाणापाशी गेला. टुंई. तो थांबला नाही, जरा पुढे सरकला. मानेजवळचं कातडं एकदम थरथरलं, एक कान उलटा झाला, कुईं करून तो बाजूला उडाला आणि आत येऊन उभा राहिला. आधी त्यानं गवताकडे पाहिलं. मग निशाणाकडे. मग अनिकेत, मुग्धा, ईरा, ही अशी रांगेनं नजर फिरवत ती माझ्यावर आणून ठेवली आणि तिथंच ठेवली. एवढ्या माणसांत बोर्डाचा कोण, हे त्यानं अचूक हेरलं होतं. त्या दिवशी त्यानं पोळीही खाल्ली नाही. हिनंही मला संध्याकाळी चहा उशिरा दिला.

पुढचं शिक्षण भराभर झालं. निशाणांपासून तो चार हात लांब राहू लागला. मग एक आड एक निशाणं काढत जायची, शेवटी सगळीच. निशाणं गेली तरी रेघ त्याच्या डोक्यात पक्की. अंगणात पळताना तो एका ठरावीक जागी असा वळायचा की बघणाऱ्याला तिथं काचेची भिंत असल्याचा भास व्हावा.

बाहेरच्यांना मात्र ही भिंत लागू नव्हती, आणि ही या योजनेतली मोठी खोट. हरणं यायची, मुग्धानं लावलेले होस्टा सावकाश चघळायची, वाफळ्या भुंकत सुटला की मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि उरलेलं खायची. खारी तर रेघेच्या पलीकडे एवढ्या अंतरावर येऊन बसायच्या की त्यांनी पुस्तिका वाचली असल्याचा मला संशय आहे. हे सगळं वाफळ्यानं सोसलं. ससा मात्र त्याला सोसवला नाही. पिढ्यानुपिढ्यांचा धंदा तो.

ससा निघाला, वाफळ्या मागोमाग. रेघ आली, टुंई झालं, कुईं ऐकू आलं, पण ते कुईं रेघेपलीकडून आलं. झटका क्षणाचा, ससा आयुष्याचा, असा हिशेब त्यानं पळता पळता केला. ससा अर्थातच मिळाला नाही. अर्ध्या तासानं साहेब जिभेचा पट्टा लोंबवत परत आले आणि रेघेबाहेर येऊन थांबले. कारण आत यायचं तरी तीच तार, तोच झटका. आणि आता पुढ्यात ससा नव्हता, नुसतं घर होतं. घरासाठी झटका खायची त्याची तयारी नव्हती. बाहेर उभा राहून त्यानं बीगलांचा तो खास लांबलचक हेल काढला. टपालवाला आला, त्यानं गाडीतूनच अंदाज घेतला. अमेरिकेत वर्षाला पाच हजारांवर टपालवाल्यांना कुत्री चावतात, त्यामुळे त्यांना कुत्र्याच्या मनःस्थितीचा अभ्यास असतो. त्यानं पत्रं पेटीत टाकली आणि मला हात करून सांगितलं, बाहेर आहे तुमचा. ते मला दिसत होतं. तारेची आज्ञा वाफळ्यानं याहून प्रामाणिकपणे पाळणं शक्य नव्हतं; फक्त चुकीच्या बाजूला उभा राहून पाळत होता.

त्याच शनिवारी मुग्धाकडे इथल्या मराठी मंडळातली आठ-दहा घरं जेवायला होती. मिसळ, आणि डिस्पोजेबल वाट्यांत श्रीखंड. वाफळ्याचा प्रश्न चर्चेला आला. सगळे सॉफ्टवेअरचे, त्यामुळे प्रत्येकाकडे उपाय. एक म्हणाले, पातळी वाढवा. एक म्हणाल्या, दोन तारा टाका, आतली हळू नि बाहेरची जोरात. तिसऱ्यांनी सांगितलं की आवाज फक्त बाहेर जाताना व्हावा आणि आत येताना मोकळीक असावी, असं कोड लिहिणं सोपं आहे. मी मूळ मुद्दा मांडला: जाताना ससा दिसतो म्हणून जाववतं, येताना दोन्हीकडून मार.

"काका, हे सेम एच-वन व्हिसावर इंडियाला जाण्यासारखं आहे," कोपऱ्यातून एक मुलगा म्हणाला. "जाताना कुणी अडवत नाही."

हशा पिकला, आणि त्यानंतर दीड तास वाफळ्या कुणाला आठवला नाही. स्टॅम्पिंग, ड्रॉपबॉक्स, प्रायोरिटी डेट. मी श्रीखंड खात ऐकत होतो. इथल्या कायद्यानं एका देशाच्या वाट्याला रोजगारावरच्या ग्रीन कार्डांपैकी साधारणपणे सात टक्क्यांच्या वर येत नाहीत, देश केवढा का असेना, त्यामुळे आपल्या लोकांची रांग इतकी लांब की काहींची मुलं कॉलेजात जातात तरी बापाचा नंबर लागत नाही. तोवर इथं राहायला, नोकरी करायला, कर भरायला, जमिनीखाली तार टाकायला काही अडचण नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असला तरी चालतं. फक्त बाहेर गेलात तर आत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो बाहेरच्या वकिलातीतच मिळतो. अनिकेतचा शिक्का संपलेला. धाकट्या भावाच्या लग्नात त्यांनी बेसमेंटमध्ये फेटा बांधून लॅपटॉपवर अक्षता टाकल्या. त्यातले तांदूळ अजून कीबोर्डातून निघतात. 'एन्टर' दाबलं की कर्र वाजतं. त्या रात्री पाहुणे गेल्यावर अनिकेतनी पट्टा हातात घेतला, बराच वेळ उलटसुलट केला आणि म्हणाले, "बाबा, ससा दिसला की त्याला आधीच हाक मारायची. पातळी नको वाढवायला."

तसंच केलं. आता अंगणात कुत्र्याबरोबर माणूस असतो, आणि तो माणूस बहुधा मी असतो. म्हणजे एवढी तार, एवढा पीळ, आणि शेवटी राखणीला उघड्या अंगणात खुर्ची टाकून वॉचमनच. पण ते मी कुठं बोललो नाही.

मध्येच गॅरेजमधली डबी ओरडायला लागली. तार तुटली की ती तशी ओरडते. हिरवळीला हवा मिळावी म्हणून मातीची दंडुकी उपसून काढणारं यंत्र फिरवून गेले होते, त्यानं कुठंतरी चावा घेतला असणार. कुठं, ते कसं कळणार? अनिकेत फोनवर व्हिडिओ बघत बसले. मी बेसमेंटमधला वादळासाठी ठेवलेला, हँडल फिरवून चालणारा एएम रेडिओ काढला, डबीच्या टोकांना एक बारीक कॉइल लावलं आणि सहाशे किलोहर्ट्झच्या आसपास काटा ठेवून तारेच्या रेघेवरून चालत निघालो. रेडिओत टर्र टर्र ऐकू येत होतं. मेपलच्या झाडापाशी टर्र विरलं. तिथं खणलं, तार दोन तुकडे होऊन पडली होती. केबल फॉल्ट शोधण्याचं हे समाधान निवृत्तीनंतर पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या वेळी वाफळ्या कुठं होता म्हणाल, तर हिरवळीवर रेघेच्या चार हात आत, बसून माझ्याकडे बघत. तार मेलेली असल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मीही कळवलं नाही.

आता एकच अडचण उरली, आणि ती रोज संध्याकाळची. वाफळ्याला फिरायला न्यायचं तर रेघ ओलांडायला हवी. पट्टा काढून ठेवला तरी तो ओलांडत नाही. दोरी ओढली तर चारही पाय रोवतो. पोळी, चिकन, कशाला बधत नाही. उचलून न्यावा तर माझी कंबर. यावर जाणकार मंडळी एक तोडगा सुचवतात, तो आम्ही अवलंबला: पट्टा काढून कुत्र्याला गाडीत बसवायचं. गाडीत असताना रेघ मोजली जात नाही, असं त्याचं मत पडलं. तेव्हा रोज संध्याकाळी अनिकेत गॅरेजमधून गाडी काढतात. मागे वाफळ्या, पुढे मी. गाडी आपल्याच घराच्या रस्त्यावरून मागे मागे येत सीलंट भरलेली फट ओलांडते आणि थांबते. आम्ही उतरतो. गाडी पुन्हा आत जाते. परतताना हाच प्रकार उलटा. मी कोपऱ्यावरून फोन करतो.

समोरच्या घरातल्या वयस्क बाई हे रोज बघायच्या. अमेरिकन माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे त्या बरेच दिवस नुसता हात हलवायच्या. शेवटी त्यांच्याच्यानं राहवेना. माझ्या समक्ष त्यांनी अनिकेतना विचारलं, तुमच्या वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे का? आता कुत्रं, झटका, ससा, तार, हे सगळं रस्त्यात उभं राहून कोण समजावणार? अनिकेत म्हणाले, हो, थोडा आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या यजमानांचा जुना वॉकर पुसून, खाली नवे रबरी बूट बसवून आणून दिला. वर एक कार्ड. त्यात लिहिलं होतं की रोज इतक्या नेटानं बाहेर पडणारा माणूस पाहून त्यांना स्वतःला व्यायामाची प्रेरणा मिळते. एवढ्या चांगुलपणापुढे खरं सांगायची सोय उरत नाही. तेव्हा संध्याकाळी गाडीतून उतरलो की मी वॉकर उघडतो आणि त्यांच्या खिडकीसमोरून पाय ओढत ओढत कोपऱ्यापर्यंत जातो. कोपरा वळला की वॉकर घडी करून काखेत मारतो आणि वाफळ्यामागे धावतो. परवा हीसुद्धा बरोबर आली होती. वळणाच्या बरंच अलीकडे मी विसरून ताठ चालू लागलो, तर हिनं कोपरानं ढोसलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, लंगडा. अजून हद्द संपली नाही."